एक अंगठी, तीन प्रेक्षक
(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, ते सर ऐकण्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. अमुक गाणं फार आवडलं, असं कुणी म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘कुठं ऐकलंत?’ मैफलीत, रेडिओवर की ध्वनिमुद्रिकेवर, हे कळल्याशिवाय ते पुढचं बोलणं सुरूच करत नसत. तो प्रश्न मी आज पाश्चात्त्य संगीतनाटकाला, म्हणजे ऑपेराला विचारणार आहे. नाट्यगृहाबाहेर पोचलेला ऑपेरा, म्हणजे रेडिओवरचा, दूरचित्रवाणीवरचा आणि अलीकडे चित्रपटगृहातला ऑपेरा, हा माझा विषय. तो ऐकून-पाहून रसिक गायकांबद्दल आणि रंगमंचावरच्या मांडणीबद्दल जे बोलतात, त्या बोलण्याचं मोल काय, हे मला तपासायचं आहे.

सगळ्या जगाचा आढावा घेण्याऐवजी मी एकच निर्मिती समोर ठेवतो. जर्मनीतल्या बायरॉइट या गावी १९७६ साली रंगमंचावर आलेली आणि १९८० पर्यंत चाललेली संगीतकार वाग्नरची ‘रिंग’. कंडक्टर प्येर बुलेझ, दिग्दर्शक पात्रिस शेरो. नाट्यगृहातल्या प्रेक्षकांनी ती पाहिली, रेडिओच्या श्रोत्यांनी ती ऐकली आणि काही वर्षांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी ती पडद्यावर पाहिली. तिघांचीही मतं ठाम होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. माझं म्हणणं असं, की तिघांनी एकच प्रयोग पाहिला नव्हता. हे ध्यानात घेतलं, तर ऑपेराच्या चाहत्यांमधली निम्मी भांडणं मिटतील आणि उरलेली निम्मी खरोखर करण्याजोगी ठरतील.

‘रिंग’ म्हणजे ‘निबेलुंगची अंगठी’. चार संध्याकाळी चालणारी ही चार नाटकं, एकूण साधारण पंधरा तासांचं संगीत. ऱ्हाइन नदीच्या तळाशी सोनं आहे. जो प्रेमाचा त्याग करील त्यालाच त्या सोन्याची अंगठी घडवता येईल, आणि ती अंगठी ज्याच्या हाती त्याची सत्ता जगावर. अल्बेरिच नावाचा बुटका प्रेम नाकारतो आणि सोनं पळवतो. देवांचा राजा वोटान आपल्या नव्या महालाची मजुरी चुकती करण्यासाठी ती अंगठी अल्बेरिचकडून हिसकावून घेतो. त्या एका अन्यायातून पुढचं सगळं निपजतं. वोटानचा मुलगा सिगमुंड मरतो, लाडक्या मुलीला, ब्रुनहिल्डला, बापाच्याच हातून शिक्षा होते, नातू सिगफ्रीडचा खून होतो आणि शेवटी देवांचं घर जळतं. हे चतुर्नाट्य संपूर्ण रूपात प्रथम सादर झालं ते बायरॉइटमध्ये, ऑगस्ट १८७६ मध्ये, वाग्नरनं स्वतः उभारलेल्या नाट्यगृहात. त्या नाट्यगृहाची रचनाच वेगळी आहे. वाद्यवृंद रंगमंचाच्या खाली, झाकलेल्या खड्ड्यात बसतो. प्रेक्षकाला ना वादक दिसतात ना कंडक्टर. वाद्यांचा आवाज आधी रंगमंचाकडे जातो, तिथं गायकाच्या आवाजात मिसळतो आणि मग प्रेक्षागृहात येतो. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढं मायक्रोफोनचा प्रश्न येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ मध्ये, बायरॉइट पुन्हा सुरू झालं ते वाग्नरचे नातू वीलांट आणि वोल्फगांग यांच्या हाताखाली. नाझी राजवटीशी या गावाची जी जवळीक झाली होती तिचा डाग धुऊन काढायचा होता. वीलांट यांनी रंगमंच रिकामा केला. जंगल, महाल, शिंगांची शिरस्त्राणं, सगळं गेलं. एक गोलाकार चौथरा आणि त्यावर प्रकाश, एवढंच उरलं. १९६६ मध्ये वीलांट गेले. तोवर त्या रिकाम्या रंगमंचाचीही प्रेक्षकांना सवय झाली होती.

शताब्दीच्या वर्षासाठी वोल्फगांग वाग्नर यांनी बुलेझ यांना बोलावलं. बुलेझ यांनी १९६६ मध्ये तिथं ‘पार्सिफाल’ केलं होतं. त्यांच्या आग्रहावरून दिग्दर्शनासाठी शेरो आले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि ऑपेराचा त्यांचा अनुभव अगदी थोडा होता. नेपथ्य रिशार पेदुझी यांचं, वेशभूषा झाक श्मिट यांची. जर्मन संस्कृतीच्या या तीर्थावर शताब्दीच्या वर्षी कंडक्टर, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि वेशभूषाकार असे सगळे फ्रान्सहून आलेले. ठिणगी पडायला तेवढंही पुरेसं होतं.

आणि मग पडदा उघडला. ऱ्हाइन नदीच्या जागी जलविद्युत प्रकल्पाचं धरण होतं. जलकन्या एकोणिसाव्या शतकातल्या वेश्यांच्या वेषात. वोटान कारखानदारासारख्या लांब कोटात. महाल बांधणाऱ्या दैत्यांचे अवाढव्य देह दिसावेत म्हणून गायक धिप्पाड माणसांच्या खांद्यांवर बसलेले. सिगफ्रीडची तलवार घडते ती भल्यामोठ्या यंत्राच्या हातोड्याखाली. ज्या पाखराच्या बोलांवर सिगफ्रीड वाट शोधतो ते पाखरू पिंजऱ्यात. शेरोंनी ही पुराणकथा वाग्नरच्याच काळात, भांडवल आणि यंत्रांच्या युगात, नेऊन ठेवली होती. हा अर्थ त्यांनी शून्यातून काढला नव्हता. बर्नार्ड शॉ यांनी १८९८ मध्येच ‘द परफेक्ट वॅग्नराइट’ या पुस्तकात ‘रिंग’ ही औद्योगिक भांडवलशाहीची रूपककथा आहे असं मांडलं होतं. पुस्तकातला अर्थ पचवणं सोपं असतं. तोच अर्थ आपल्या देवघरात उभा राहिला की माणूस हादरतो.

प्रेक्षक हादरले. शिट्ट्या झाल्या, आरडाओरडा झाला, निषेधाची पत्रकं वाटली गेली. बुलेझ यांच्या वाद्यवृंदावरही राग होता. वाग्नर म्हणजे दाट, भरगच्च नाद, अशी ज्यांच्या कानांची घडण झाली होती, त्यांना बुलेझ यांचं स्वच्छ, प्रत्येक वाद्याची रेघ वेगळी दाखवणारं वादन पातळ वाटलं. वादकांमधले काही जणही नाराज होते.

या प्रयोगांचं बव्हेरियाच्या रेडिओवरून प्रक्षेपण होत होतं. बायरॉइटला रेडिओ नवा नव्हता. १८ ऑगस्ट १९३१ रोजी फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखालचं ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ तिथून जगभर ऐकवलं गेलं होतं. पण १९७६ च्या श्रोत्याची अवस्था पाहा. त्याला धरण दिसत नाही, कोट दिसत नाही, पिंजरा दिसत नाही. त्याला संगीत ऐकू येतं आणि अंक संपताच शेकडो माणसांचा संताप ऐकू येतो. हा संताप कशाबद्दल आहे, गायकाबद्दल की नेपथ्याबद्दल, हे त्याला समजायला मार्ग नाही. त्या रात्रींची मुद्रणं चाहत्यांमध्ये आजही फिरतात. ती ऐकून काही जण म्हणतात, गायन वाईटच असलं पाहिजे, नाहीतर लोक एवढे ओरडले नसते. दिसण्याबद्दलचा राग ऐकण्याच्या खात्यावर जमा झाला तो असा. हा अन्याय आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही. प्रक्षेपणाच्या माध्यमातच तो दडलेला आहे.

बायरॉइटची एक परंपरा फार मोलाची आहे. तिथं निर्मिती एकदा उभी राहिली की संपली, असं होत नाही. दरवर्षी तिच्यावर पुन्हा काम होतं. शेरोंनीही केलं. पहिल्या वर्षी ब्रुनहिल्डचा खडक डोंगराच्या उंच सुळक्यासारखा होता. पुढच्या वर्षी तो बदलला आणि बॉकलिन या चित्रकाराच्या ‘मृतांचं बेट’ या चित्राच्या छायेतला झाला. गायकांचे हावभाव, हालचाली, एकमेकांकडे पाहणं, हे सगळं वर्षागणिक घासून-पुसून नेटकं होत गेलं. १९७७ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. सिगफ्रीड गाणारे टेनर रेने कोलो यांचा पाय मोडला. तेव्हा कोलो विंगेतून गायले आणि रंगमंचावर सिगफ्रीड म्हणून स्वतः शेरो वावरले. देह एकाचा, आवाज दुसऱ्याचा! ऑपेरात एरवी जे दोन घटक एकजीव असतात ते त्या प्रयोगात उघड सुटे झाले, आणि प्रयोग तरीही उभा राहिला. प्रक्षेपण हेच काम रोज करतं. फरक इतकाच, की ते आपल्या लक्षात येत नाही.

१९८० च्या ऑगस्टमध्ये ही निर्मिती शेवटची झाली. चौथं नाटक, ‘ग्योटरडेमरुंग’ म्हणजे देवांचा अस्त, संपलं आणि टाळ्या थांबेचनात. सुमारे दीड तास टाळ्या चालू होत्या आणि शंभराहून अधिक वेळा कलावंतांना पडद्याबाहेर यावं लागलं. चार वर्षांपूर्वी ज्या नाट्यगृहात शिट्ट्या वाजल्या, तिथंच हे घडलं. प्रेक्षक शहाणे झाले, असं याचं उत्तर सहसा दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. प्रेक्षक बदलले तसा प्रयोगही बदलला होता. दोघं एकमेकांकडे सरकले. यासाठी प्रेक्षकाला परत यावं लागतं आणि दिग्दर्शकाला परत येऊन दुरुस्ती करावी लागते. पहिल्या रात्रीचं मत हे पहिल्या रात्रीचं मत असतं, निर्मितीचा निकाल नसतो, हा या प्रकरणातला पहिला धडा.

आता तिसरा प्रेक्षक. १९७९ मध्ये ‘ग्योटरडेमरुंग’ आणि १९८० मध्ये बाकीची तीन नाटकं दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाली. पडद्यासाठीचं दिग्दर्शन ब्रायन लार्ज यांनी केलं. चित्रण त्याच नाट्यगृहात झालं, पण समोर प्रेक्षक नव्हते. म्हणजे शिट्टी नाही, टाळी नाही, खोकला नाही. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये आणि अमेरिकेत १९८३ मध्ये हे चित्रण घराघरांत पोचलं. ज्यांनी आयुष्यात बायरॉइट पाहिलं नव्हतं, तिथलं तिकीट मिळण्याची शक्यताही नव्हती, अशा असंख्य लोकांनी ‘रिंग’ संपूर्ण पहिल्यांदा पाहिली ती अशी. त्यांना प्रश्न पडला, की यात ओरडण्यासारखं काय होतं? प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यांच्यासमोर चार-पाच वर्षं घडवलेला प्रयोग होता, पहिल्या वर्षीचा नव्हता. आणि तो क्लोज-अपमधून दिसत होता.

क्लोज-अपनं काय केलं, ते गायकांच्या उदाहरणांवरून पाहू.

वोटान झाले होते न्यूझीलंडचे डोनाल्ड मॅकिंटायर. ‘वाल्क्यूर’ या दुसऱ्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात वोटान ब्रुनहिल्डपाशी आपलं मन मोकळं करतो. हे दीर्घ स्वगत बराच वेळ अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखं गायचं असतं. रेडिओवर ऐकणारे अनेक चाहते या जागी कंटाळतात. शेरोंनी इथं वोटानला आरशासमोर उभं केलं. बाजूला एक मोठा लंबक झुलतो आहे. आपलं सारं संपावं, अशी इच्छा वोटान उच्चारतो तेव्हा तो लंबक हातानं थांबवतो. कॅमेरा मॅकिंटायर यांच्या चेहऱ्यापाशी आहे. स्वतःच्याच कायद्यात अडकलेला सत्ताधीश आपण इतक्या जवळून पाहतो, की तो कंटाळवाणा समजला गेलेला भाग चारही नाटकांचा कणा वाटू लागतो. हे श्रेय दिग्दर्शकाचं, नटाचं आणि कॅमेऱ्याचंही. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो चेहरा दिसला नव्हता.

त्याच अंकाच्या शेवटी सिगमुंड मरतो. पेटर होफमान यांचा सिगमुंड आणि जनीन आल्टमायर यांची सिगलिंड ही जुळी भावंडं दिसायला तरुण, देखणी, आपण एकमेकांचे आहोत हे पाहणाऱ्याला पटावं अशी. सिगमुंडच्या मृत्यूचा निर्णय स्वतः वोटाननंच घेतलेला असतो. शेरोंच्या मांडणीत मरणाऱ्या मुलाला तोच कवेत घेतो. संहितेच्या पलीकडं गेलेली ही एक कृती, आणि तिनं बाप व देव यांतलं अंतर एका क्षणात दाखवलं. मांडणी म्हणजे मन मानेल तशी सजावट, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पाहावा. तो संगीतातून निघालेला आहे, संगीतावर लादलेला नाही.

ब्रुनहिल्ड ग्विनेथ जोन्स यांची. चाहत्यांमध्ये सर्वांत जास्त वाद यांच्यावर झाला आणि होतो. त्यांचा आवाज प्रचंड. पण लांब स्वरांवर त्याची कंपनं रुंद होतात, स्वर हलतो. मायक्रोफोनपाशी ऐकलं तर ते जाणवतं, काहींना सहन होत नाही. उलट, त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले लोक त्या आवाजाच्या लाटेबद्दल भारावून बोलतात. आणि ज्यांनी चित्रण पाहिलं, ते ‘ग्योटरडेमरुंग’च्या दुसऱ्या अंकातली फसवली गेलेली, पांढऱ्या वस्त्रातली, जखमी पक्ष्यासारखी जमिनीवर फरफटणारी ब्रुनहिल्ड विसरू शकत नाहीत. तीन मतं, तीन साधनं. कान म्हणतो, हलतो. नाट्यगृह म्हणतं, भरून टाकतो. डोळा म्हणतो, हीच ब्रुनहिल्ड. तिघंही खरं सांगतात. मला विचाराल तर जोन्स यांनी त्या भूमिकेत अपमान आणि क्षमा यांच्यामधलं अंतर जसं पार केलं, तसं करणारी ब्रुनहिल्ड मी पाहिलेल्या चित्रणांमध्ये दुसरी नाही. पण हे मी चित्रणाबद्दल बोलतो आहे, आणि ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

हाइन्झ झेडनिक यांचं उदाहरण वेगळं. ‘राइनगोल्ड’ या पहिल्या नाटकातला अग्निदेव लोगे आणि ‘सिगफ्रीड’ या तिसऱ्या नाटकातला लोहार मिमे, दोन्ही त्यांनीच केले. त्यांचा टेनर आवाज आकारानं मोठा नाही. पण त्यांचं प्रत्येक अक्षर ऐकू येतं आणि प्रत्येक अक्षराला शरीर साथ देतं. पडद्यावर ते थोर वाटतात. अशा गायकावर प्रक्षेपण मेहेरबान असतं.

हे असं का होतं, यासाठी थोडं आवाजाच्या शास्त्राकडे वळू. ऑपेराचा गायक मायक्रोफोनशिवाय गातो. ‘रिंग’साठी शंभरच्या वर वादक लागतात, नुसत्या हार्प सहा. या सगळ्यांच्या वरून एक मानवी आवाज कसा पोचतो? वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि वर जावं तशी कमी होत जाते. कसलेला ऑपेरा गायक आपल्या घशाची पोकळी अशी घडवतो, की ३,००० हर्ट्झच्या आसपास त्याच्या आवाजात एक तेजस्वी पट्टा तयार होतो. तिथं वाद्यवृंद दुबळा असतो आणि माणसाचा कान तीक्ष्ण. आवाज त्या फटीतून पार निघून जातो. स्वीडनचे योहान सुंडबेरी यांनी हे मोजून दाखवलं. ओरडल्यानं हे साधत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं तालीम लागते.

आता मायक्रोफोन मध्ये आणा. तो गायकापासून काही फुटांवर आहे आणि बायरॉइटमध्ये रंगमंचावर आपोआप होणारं मिश्रण आता दुसरा कुणीतरी मेजावर बसून करतो आहे, पातळी ठरवतो आहे. लहान आवाज आणि मोठा आवाज यांतलं अंतर पुसलं जातं. जी फट भेदायला गायक आयुष्य घालवतो, ती फटच उरत नाही. उलट बारीक दोष, श्वासाचा आवाज, स्वराची थरथर, हे नाट्यगृहाच्या हवेत विरघळून जातं ते इथं उघडं पडतं. म्हणून प्रक्षेपण ऐकणाऱ्या चाहत्यानं ‘आवाज मोठा होता’ हे कधीही म्हणू नये. तेवढी एक गोष्ट त्याला माहीत असू शकत नाही. सूर, शब्दोच्चार, वाक्याची बांधणी, आवाजाचा पोत, श्वासाचं नियोजन, यांवर मात्र त्याचं मत नाट्यगृहातल्या माणसापेक्षा अधिक बारीक असू शकतं.

आपल्या संगीत नाटकाच्या रसिकाला हे समजायला अडचण पडू नये. मायक्रोफोनपूर्व काळातल्या नटांनी खुल्या आवाजात अखेरच्या रांगेपर्यंत पद पोचवलं. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून जी निराशा होते, ती बहुतेक वेळा त्या यंत्राची असते, गायकाची नसते.

रेडिओच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण त्यानं घडवलेला रसिक थोर होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं २५ डिसेंबर १९३१ रोजी ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’ पूर्ण ऐकवलं आणि शनिवार दुपारच्या प्रक्षेपणांची परंपरा सुरू झाली. टेक्साको या तेल कंपनीनं १९४० ते २००४ अशी चौसष्ट वर्षं त्याला आधार दिला. निवेदक मिल्टन क्रॉस सुरुवातीपासून १९७५ मधल्या मृत्यूपर्यंत तिथं होते. पडदा उघडण्याआधी ते कथा सांगत, नेपथ्य शब्दांत उभं करत. मध्यंतरात ऑपेरावरची प्रश्नमंजूषा होई. अमेरिकेतल्या दूरच्या गावांत, जिथं नाट्यगृह नव्हतं, तिथले श्रोते गायकांचे आवाज नाव न सांगता ओळखत. मांडणीबद्दल त्यांचं मत नव्हतं, ते बांधणं शक्य नव्हतं. पण आवाजाची तुलना करण्याची जी शिस्त त्यांच्यात होती, ती आजच्या चित्रपटगृहातल्या प्रेक्षकात क्वचित दिसते. निवेदकाच्या चार वाक्यांवर नेपथ्य रचण्याची कल्पनाशक्ती ही काही कमी गोष्ट नाही.

३० डिसेंबर २००६ रोजी त्याच मेट्रोपॉलिटननं ‘जादूची बासरी’ थेट चित्रपटगृहांत दाखवली आणि नवं युग सुरू झालं. आज ही प्रक्षेपणं अनेक देशांत पोचतात. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्येही ती दाखवली गेली आहेत, वेळेच्या फरकामुळे नंतर. मोठा पडदा, उत्तम ध्वनी, मध्यंतरात पडद्यामागे गायकांच्या मुलाखती. गायक घामानं निथळत कॅमेऱ्यासमोर उभा असतो आणि पुढच्या अंकाबद्दल बोलतो. यानं त्याच्याबद्दल आपुलकी वाढते, आणि आपुलकी वाढली की न्याय बदलतो. यात वाईट काही नाही, पण जाणीव असावी.

याच प्रक्षेपणांत दिग्दर्शक रोबेर लपाज यांची ‘रिंग’ आली, २०१० ते २०१२ या काळात. रंगमंचावर चोवीस फळ्यांचं, सुमारे पंचेचाळीस टनांचं यंत्र. फळ्या फिरत, उभ्या राहत, त्यांच्यावर प्रतिमा पडत आणि त्यांची कधी नदी होई, कधी जंगल, कधी घोडे. सप्टेंबर २०१० मध्ये पहिल्याच रात्री शेवटच्या प्रवेशात यंत्र अडलं. मे २०११ मध्ये ‘वाल्क्यूर’च्या थेट प्रक्षेपणाला यंत्रातल्या बिघाडानं उशीर झाला. नाट्यगृहातल्या लोकांनी त्या फळ्यांच्या करकरीबद्दल तक्रार केली. ती करकर चित्रपटगृहात फारशी पोचली नाही. उलट चित्रपटगृहात यंत्राचा पूर्ण आकारच क्वचित दिसला, कारण कॅमेरा बहुतेक वेळ ब्रिन टर्फेल यांच्या वोटानच्या किंवा योनास काउफमान यांच्या सिगमुंडच्या चेहऱ्यावर होता. एकानं यंत्र पाहिलं, एकानं माणसं. ज्यानं माणसं पाहिली तो म्हणाला, प्रयोग हृदयस्पर्शी होता. ज्यानं यंत्र पाहिलं तो म्हणाला, माणसं हरवली. पुन्हा तेच, दोघांचंही खरं.

डोळ्याचं राज्य आलं की त्याची किंमतही कुणीतरी मोजतं. अमेरिकन सोप्रानो डेबोरा व्हॉइट यांना लंडनच्या कॉव्हेंट गार्डननं २००४ मध्ये एका निर्मितीतून वगळलं, कारण ठरवलेला काळा पोशाख त्यांच्या देहाला शोभणार नाही असं ठरलं. त्यांच्या गळ्याबद्दल तक्रार नव्हती. पुढं याच व्हॉइट लपाज यांच्या ‘रिंग’मध्ये ब्रुनहिल्ड झाल्या. क्लोज-अपच्या काळात सुबक दिसणं ही गायनाची अट होऊ लागली, तर वाग्नरसाठी लागणारे आवाज दुर्मीळ होतील, ही भीती खरी आहे. असा आवाज पिकायला माणसाची पस्तिशी-चाळिशी उजाडते. आपण रसिकांनी या बाबतीत गायकाच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे.

प्रक्षेपणाचं टोक कुठवर जातं, याचं एक उदाहरण आपल्या मुंबईशी नातं सांगणारं आहे. ११ आणि १२ जुलै १९९२ रोजी इटलीच्या दूरचित्रवाणीनं पुच्चिनीचं ‘टोस्का’ रोममधल्या मूळ जागी, संहितेत सांगितलेल्या वेळी थेट दाखवलं. पहिला अंक चर्चमध्ये दुपारी, दुसरा फार्नेझे महालात रात्री, तिसरा सांतआंजेलो किल्ल्यावर पहाटे. कॅथरिन मॅल्फिटॅनो, प्लासिदो दोमिंगो आणि रुज्जेरो राइमोंदी गात होते. कंडक्टर होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. ते आणि वाद्यवृंद दुसऱ्या ठिकाणी, स्टुडिओत होते. गायकांना मेहता दिसत ते फक्त छोट्या पडद्यावर, वाद्यं ऐकू येत ती लपवलेल्या स्पीकरमधून. तरीही संगीत एका श्वासात चाललं. इथं नाट्यगृह उरलंच नव्हतं. तो प्रयोग फक्त प्रक्षेपणातच अस्तित्वात होता, त्याचा मूळ प्रेक्षकच दूरचित्रवाणीचा. त्याला नाट्यगृहाचे निकष लावणं चुकीचं. त्याचा न्याय पडद्यावरच व्हायला हवा, आणि तसा केला तर तो प्रयोग थोर ठरतो.

मग रसिकानं काय करावं? माझ्या मनात चार गोष्टी आहेत.

पहिली. मत देताना आपण कुठं बसलो होतो ते सांगावं. नाट्यगृहात, रेडिओपाशी की पडद्यासमोर. थेट की मुद्रित. हे सांगितलं, की आपल्या मताची किंमत कमी न होता वाढते.

दुसरी. आवाज, मांडणी आणि कॅमेरा यांचा विचार वेगवेगळा करावा. एकदा चित्र बंद करून ऐकावं. ज्या गायकानं आपल्याला रडवलं, त्यानं गळ्यानं रडवलं की चेहऱ्यानं, हे तेव्हा कळतं. दोन्ही मान्य आहेत. पण कशाबद्दल आपण कृतज्ञ आहोत, ते ठाऊक असावं.

तिसरी. मांडणी नवी म्हणून वाईट आणि जुनी म्हणून पवित्र, असं धरून चालू नये. एकच कसोटी लावावी. रंगमंचावर जे घडतं आहे त्याला संगीतात आधार आहे का? सिगमुंडला कवेत घेणाऱ्या वोटानला आधार आहे. तो आधार जिथं नाही, तिथं रसिकानं स्पष्ट नापसंती व्यक्त करावी.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. परत जावं. त्याच प्रयोगाकडे, त्याच गायकाकडे, काही वर्षांनी. बायरॉइटच्या प्रेक्षकाला ही संधी पाच वर्षं मिळाली आणि त्यानं ती घेतली. आपल्याला ती मुद्रणानं दिली आहे. पहिल्या रात्री शिट्टी वाजवणारा आणि पाचव्या वर्षी दीड तास टाळ्या वाजवणारा प्रेक्षक मला लबाड वाटत नाही. तो आपल्या मताला जबाबदार राहिला, म्हणून बदलू शकला.

प्रक्षेपणामुळे ऑपेरा स्वस्त झाला, उथळ झाला, अशी तक्रार होते. मला ती मान्य नाही. जे गाव, जो देश, जो माणूस या कलेपासून कायमचा दूर राहिला असता, त्याच्यापर्यंत ती पोचली. महाराष्ट्रात बसून मी वाग्नरवर बोलतो आहे, हे प्रक्षेपणाचंच देणं आहे. या देण्याबरोबर एक जबाबदारी येते. पंधराशे-दोन हजार माणसांच्या नाट्यगृहात एखाद्याचं उतावळं मत तिथंच विरून जातं. जगभर पोचलेल्या चित्रणावरचं मत त्या गायकाच्या नावाला चिकटून पुढच्या पिढीपर्यंत जातं. म्हणून पडद्यासमोर बसलेल्या रसिकानं नाट्यगृहातल्या रसिकापेक्षा अधिक सावकाश, अधिक नेमकं आणि अधिक उदार बोललं पाहिजे. गाणाऱ्यानं आयुष्य दिलं आहे. ऐकणाऱ्यानं निदान नेमकेपणा द्यावा, एवढं मागणं या व्यासपीठावरून मी आपल्यापाशी करतो.